चमक कमी झाली म्हणजे एथिडियम बाहेर पडलं असं नव्हे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही एका शिफ बेसचा (धातूला धरणारा सेंद्रिय रेणू, म्हणजेच लिगँड) तांब्याबरोबर कॉम्प्लेक्स बनवला. वासराच्या थायमसचा डीएनए आणि त्यावर बसलं की चमकणारं एथिडियम ब्रोमाइड हे रंगद्रव्य (डाय) एकत्र घेऊन त्यात तो थोडा थोडा घातला. ५० मायक्रोमोलरपर्यंत पोचेस्तोवर ६०० नॅनोमीटरची प्रतिदीप्ती (उजेड पाडल्यावर रेणूतून परत येणारी चमक) १०० वरून ६० वर आली. त्यावरून तुम्ही लिहिलंत की कॉम्प्लेक्सने एथिडियमला हुसकावलं, म्हणून तो इंटरकलेटर, म्हणजे डीएनएच्या बेस-जोड्यांच्या मध्ये शिरणारा रेणू आहे, आणि त्याचा बंधन स्थिरांक (डीएनएला किती घट्ट धरतो त्याचं माप) ६.७ लाख प्रति मोलर आहे. एवढ्यावरून हे सिद्ध होत नाही, अशा दोन ओळी लिहून रिव्ह्यूअरने पेपर परत पाठवला. गाईड म्हणतात, ‘सगळे असंच करतात.’ आता काय करायचं?

सगळे असंच करतात हे खरं आहे, आणि रिव्ह्यूअरचंही खरं आहे. तुमच्या आकड्यांत चूक नाही. पण तीन वेगळे दावे तुम्ही एकाच उताराच्या रेषेवर टांगले आहेत आणि ती रेषा त्यांतला एकही दावा एकटी पेलत नाही. मी हे काम बरीच वर्षं केलंय, आणि पहिल्या वर्षी हीच चूक मीही केली होती. फरक इतकाच, की माझा पेपर छापून आला. तो अजून माझ्या यादीत आहे आणि कुणी विचारलं की मी विषय बदलतो.

सुरुवात एथिडियम मुळात चमकतं कशामुळे तिथून करू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तीन वलयांचा हा चपटा, धनभारित रेणू आधी गुरांच्या ट्रिपॅनोसोमा रोगावरचं औषध म्हणून वापरात आला. पाण्यात तो जवळजवळ मुका असतो. उत्तेजित झाल्यावर त्याच्या अमिनो गटावरचा प्रोटॉन शेजारच्या पाण्याला दिला जातो, आणि प्रकाश म्हणून बाहेर पडायची ऊर्जा तिथेच संपते. याचा देखणा पुरावा म्हणजे साध्या पाण्याऐवजी जड पाणी घेतलं की उत्तेजित अवस्थेचं आयुष्य तिपटीहून जास्त लांबतं. डीएनएच्या दोन बेस-जोड्यांच्या मध्ये सरकला की मात्र त्याला पाण्यापासून आडोसा मिळतो. पाण्यात १.८ नॅनोसेकंद असलेलं आयुष्य तिथे २२ च्या आसपास जातं आणि चमक वीसएक पट वाढते. ल पेक आणि पाओलेत्ती यांनी १९६७ मध्ये यावर डीएनए मोजायची पद्धत बसवली. इंटरकलेशन ही कल्पना त्याआधीची, लर्मन यांनी १९६१ मध्ये अ‍ॅक्रिडीनवरून मांडलेली. तिच्यानुसार आत शिरणारा रेणू बेस-जोड्या एकमेकींपासून दूर सारतो. त्याने दोरी साधारण ०.३४ नॅनोमीटरने लांबते आणि पीळ सुटतो. एथिडियमच्या बाबतीत हा पीळ एका रेणूमागे सुमारे २६ अंशांनी सुटतो. ही लांबी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हणजे एथिडियम फक्त एवढंच सांगतं की ‘मी पाण्यापासून लपलेलो आहे.’ तुमचा कॉम्प्लेक्स काय करतोय हे ते सांगत नाही. तो अर्थ आपण लावतो.

खोलीतला कंदील मंद झाला तर आपण तीन गोष्टी बघतो. कुणी तो उचलून नेला का, काच काजळली का, की वात खाली गेली. क्युव्हेटमध्येही, म्हणजे मोजणीच्या छोट्या काचपात्रातही, हेच तीन प्रकार होतात, आणि तुमच्या रेषेत तिन्ही मिसळलेले असायची शक्यता आहे.

काजळीपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. तुमचा कॉम्प्लेक्स तपकिरी आहे. एथिडियम उत्तेजित करायला तुम्ही ५२० नॅनोमीटर वापरता. त्यातला काही प्रकाश एथिडियमपर्यंत पोचायच्या आत तुमचा कॉम्प्लेक्सच खातो, आणि बाहेर येणाऱ्या ६०० च्या प्रकाशातलाही थोडा गिळतो. याला इनर फिल्टर परिणाम म्हणतात. दुरुस्ती सोपी आहे: दोन्ही तरंगलांबींवरचं शोषण मिळवा, बेरजेचं अर्ध करा, दहाचा तितका घात काढा आणि मोजलेली प्रतिदीप्ती त्याने गुणा. तुमच्या पुरवणीतल्या आलेखावरून ५० मायक्रोमोलरला ५२० चं शोषण ०.२० आणि ६०० चं ०.०५ दिसतं. बेरीज ०.२५, अर्ध ०.१२५, दहाचा तो घात १.३३. म्हणजे तुमचे ६० खरे ८० आहेत. चाळीस टक्के घट म्हणून जी छापायला निघाली होती तिच्यातली निम्मी निव्वळ काजळी आहे. डीएनएशी तिचा काही संबंध नाही. क्युव्हेटमध्ये लाल शाई टाकली असती तरी ती तेवढीच आली असती.

ही दुरुस्ती प्रत्येक बिंदूला करा, शेवटच्या एकट्याला नव्हे. आणि बेरीज ०.३ च्या वर गेली तर सूत्रावर फार विसंबू नका. लहान मार्गाचा, ३ मिलिमीटरचा क्युव्हेट घ्या किंवा सगळंच पातळ करा.

आता वात. तांबे(दोन) हा आयन प्रतिदीप्ती विझवण्यात पटाईत आहे. एथिडियम जागेवरून न हलता, बेस-जोड्यांच्या आतच बसून, शेजारी येऊन बसलेल्या तांब्याला इलेक्ट्रॉन किंवा ऊर्जा देऊन विझू शकतं. आलेखात हे अगदी हुसकावण्यासारखंच दिसतं. तुम्ही स्टर्न-व्होल्मरची रेषा (मूळ चमक भागिले उरलेली चमक, कॉम्प्लेक्सच्या प्रमाणासमोर) काढून ‘सरळ आली’ असं लिहिलंय. ती सरळ येणारच. थोड्या टप्प्यात जवळजवळ कशाचीही येते. पण त्याच आकड्यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. टक्कर होऊन विझायचं असेल तर पाण्यात दोन रेणू भेटण्याचा कमाल वेग साधारण दहा अब्ज प्रति मोलर प्रति सेकंद. त्याला २२ नॅनोसेकंदांनी गुणलं की २२० प्रति मोलर येतात. टकरीने होणाऱ्या शमनाचा (विझण्याचा) स्थिरांक, म्हणजे या रेषेचा उतार, याच्या फार वर जाऊ शकत नाही, आणि ५० मायक्रोमोलरला त्याने जेमतेम एक टक्का घट होईल. तुमचा स्थिरांक काजळी काढल्यावरही पाच हजार आहे. तेव्हा ही भर प्रवाहातली टक्कर नाही, तुमचा कॉम्प्लेक्स डीएनएवर जाऊन बसतोय हे नक्की. एवढं विधान तुम्ही निर्धास्तपणे करा. पण तो बसल्यावर एथिडियम उठलं की बसल्या जागी विझलं, हे यातून कळत नाही.

ते कळण्याचा सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे आयुष्य मोजणं. जवळच्या एखाद्या संस्थेत टाइम-रिझॉल्व्ड यंत्र असेल तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. एथिडियम खरंच बाहेर पडत असेल तर २२ नॅनोसेकंदांचा घटक २२ लाच राहतो, फक्त त्याचा वाटा कमी होतो आणि १.८ चा वाटा वाढतो. जागेवरच विझत असेल तर लांब घटक स्वतः आखूड होऊ लागतो, २२ चे १८, १८ चे १४. हा एक आलेख जोडलात तर रिव्ह्यूअरचा अर्धा राग तिथेच शांत होईल.

यंत्र मिळत नसेल तर घरगुती उपाय आहेत. एक, तळ मोजा. डीएनए न घालता नुसतं बफरमधलं एथिडियम किती चमकतं ते त्याच सेटिंगवर नोंदवा. तुमच्या मोजपट्टीवर ते १०० पैकी पाच-सात असेल. सगळंच्या सगळं एथिडियम हुसकावलं तरी चमक या तळाखाली जाऊ शकत नाही. दुरुस्तीनंतरही ती खाली गेली तर तिथे विझवणं चालू आहे, यावर वाद नाही. दोन, नुसतं लिगँड आणि नुसतं कॉपर क्लोराइड, दोन्हींची वेगवेगळी मालिका करा. हे नियंत्रण नसलेला धातू-कॉम्प्लेक्सचा पेपर मी स्वतः तपासायला आला तर परत पाठवतो. तीन, डायलिसिस. डीएनए आणि एथिडियम सूक्ष्म छिद्रांच्या पिशवीत (तिच्यातून एथिडियम जातं, डीएनए नाही), बफर बाहेर, रात्रभर हलवत ठेवा. मग दोन्हीकडे तुमचा कॉम्प्लेक्स घाला आणि पुन्हा समतोल येऊ द्या. बाहेरच्या एथिडियमचं प्रमाण वाढलं तर ते खरंच बाहेर पडलं. पद्धत जुनी आहे आणि वेळखाऊही, पण तिच्यात अर्थ लावायला जागाच उरत नाही.

समजा हे सगळं केलं आणि एथिडियम बाहेर पडतंय हे सिद्ध झालं. तरीही तुमचा कॉम्प्लेक्स इंटरकलेटर ठरत नाही. इथे बहुतेकांची गाडी रुळावरून घसरते.

लोकलमधल्या तीन जणांच्या बाकावर चौथा येऊन टेकला की कडेचा उठतो, पण म्हणून चौथा कडेच्याच जागी बसला असं नाही. नेट्रोप्सिन घ्या. ते मायनर ग्रूव्हमध्ये, म्हणजे डीएनएच्या अरुंद खाचेत, एटी-बहुल (ए आणि टी हे बेस जास्त असलेल्या) भागात बसतं. बेस-जोड्यांमध्ये शिरत नाही. तरी ते एथिडियमला उठवतं, कारण खाचेत ते बसलं की तिथल्या जोड्यांना इंटरकलेशनसाठी फाकणं अवघड होतं. बेरेनिलचंही तेच. आपल्याकडे गुरांच्या सर्रा रोगावर जे डिमिनाझिन वापरतात तेच हे. आणखी टोकाचं उदाहरण स्पर्मिनचं. हा तर नुसता लवचीक, चार धनभारांचा दोरा, त्यात चपटं असं काहीच नाही. पण तो डीएनए आवळून त्याचे गोळे करतो आणि एथिडियम बाहेर फेकलं जातं. जनुकं पेशीत पोचवण्यासाठी जे पॉलिमर बनवतात, त्यांनी डीएनए किती घट्ट बांधला हे एथिडियमच्या याच घसरणीवरून तपासतात. त्यांना कुणी इंटरकलेटर म्हणत नाही. तुमचा कॉम्प्लेक्सही धनभारित आहे, तेव्हा ३५० नॅनोमीटरला, जिथे डीएनए काही शोषत नाही, तिथली आधाररेषा वर चढते का बघा. कॉम्प्लेक्सचं स्वतःचं शोषण वजा करायला विसरू नका. चढली तर डीएनएचे गोळे होताहेत आणि प्रकाश विखुरतोय.

इंटरकलेशन म्हणायचं असेल तर लांबी दाखवा. यासाठी द्रावणाचा चिकटपणा (व्हिस्कॉसिटी) मोजणं हीच खरी कसोटी. महागडं यंत्र लागत नाही, उब्बेलोहडे व्हिस्कोमीटर, तापमान स्थिर ठेवणारं पाणपात्र आणि स्टॉपवॉच पुरतं. डीएनए सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी तोडून) साधारण २०० बेस-जोड्यांचे ताठ तुकडे करून घ्या, नाहीतर लांब लवचीक डीएनएमध्ये घडी पडण्याचे परिणाम मिसळतात. सापेक्ष चिकटपणाचं घनमूळ हे साखळीच्या लांबीसोबत चालतं. एथिडियम घातलं की रेषा ठसठशीत वर जाते, खाचेत बसणारं होएष्ट हे डाय घातलं की जवळपास सपाट राहते. तुमच्या कॉम्प्लेक्सची रेषा याच आलेखावर या दोघांच्या सोबत काढा. वाचणाऱ्याला मग तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज राहत नाही.

आता तो ६.७ लाखांचा आकडा. तुम्ही ‘निम्मी चमक जायला लागणारं प्रमाण’ ही पद्धत वापरलीत: एथिडियमचा स्थिरांक गुणिले एथिडियमचं प्रमाण, भागिले ते निम्म्याचं प्रमाण. एथिडियम ५ मायक्रोमोलर, निम्मं ७५ मायक्रोमोलरला (तेही रेषा पुढे ओढून काढलेलं, तिथवर तुम्ही मोजलेलं नाही), आणि एथिडियमचा स्थिरांक एक कोटी. हा एक कोटी जिथून तिथून उतरवला जातो. तो अत्यंत कमी मिठाच्या बफरमधला आहे. तुमच्या बफरमध्ये ५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड आहे. डीएनएवरच्या ऋणभाराभोवती सोडियम गोळा झालेला असतो आणि धनभारित रेणू येऊन बसला की त्यातला काही सुटतो. म्हणून मीठ वाढलं की स्थिरांक पडतो. १०० मिलिमोलरच्या आसपास एथिडियमचा स्थिरांक लाखांच्या घरात असतो, कोटींच्या नाही. काजळीची दुरुस्ती केली की निम्म्याचं प्रमाण ७५ वरून २०० मायक्रोमोलरवर जातं. समजा तुमच्या बफरमध्ये तुम्ही स्वतः मोजलेला एथिडियमचा स्थिरांक ४ लाख निघाला, तर उत्तर येतं १० हजार. ६.७ लाखांचे १० हजार. एका सूत्रातल्या उसन्या आकड्याने आणि न केलेल्या दुरुस्तीने सदुसष्ट पट फुगवटा.

आणि हे सूत्रही मुक्त प्रमाणावर चालतं, एकूण प्रमाणावर नाही. तुमच्या ५ मायक्रोमोलर एथिडियमपैकी बरंचसं आधीच डीएनएवर बसलेलं आहे. बंधन बळकट असेल आणि डीएनए भरपूर असेल तर हा ढोबळपणा चालत नाही, समतोलाची समीकरणं संगणकावर सोडवून सगळी वक्ररेषा बसवावी लागते. एथिडियमचा स्वतःचा स्थिरांक काढताना स्कॅचर्डची सरळ रेषा (बसलेलं भागिले मोकळं, बसलेल्यासमोर) ओढू नका. एक रेणू बसला की शेजारची फट अडते, त्यामुळे ती रेषा मुळातच वाकडी असते. मॅकगी आणि फॉन हिपेल यांनी १९७४ मध्ये यासाठी दिलेलं समीकरण आजही तेच वापरतात.

डाय बदलून बघण्याबद्दल तुम्ही विचारलंत. जरूर बघा, पण प्रत्येक डायचा स्वभाव वेगळा. होएष्ट ३३२५८ मायनर ग्रूव्हमध्ये एएटीटीसारख्या भागात बसतं, ३५० ला उत्तेजित होतं, ४६० ला निळं चमकतं. तुमचा कॉम्प्लेक्स एथिडियमपेक्षा होएष्टला सहज उठवत असेल तर खाचेकडे बोट जातं. पण तपकिरी कॉम्प्लेक्स ३५० ला ५२० पेक्षा कितीतरी जास्त शोषेल, म्हणजे काजळी इथे दुप्पट-तिप्पट. शिवाय हे डाय प्लॅस्टिकला आणि काचेला चिकटतं. मी एकदा तीन आठवडे ‘डीएनए न घालताही प्रमाण घटतंय’ या गूढावर घालवले. ते पिपेटच्या टिपमध्ये राहत होतं. डापी बऱ्याच अंशी होएष्टसारखंच. थायझोल ऑरेंज मोकळं असताना जवळपास काळोखच असतं, कारण त्याची दोन अर्धुकं मधल्या दांडीभोवती गरगरत ऊर्जा घालवतात. डीएनएने ती आवळली की उजेड पडतो. त्याची पार्श्वभूमी इतकी कमी की लहान नमुन्यांना ते एथिडियमहून सरस. बोगर यांच्या गटाने २००१ मध्ये पाच बेस-जोड्यांचे सगळे ५१२ क्रम वेगवेगळ्या हेअरपिनमध्ये (स्वतःवरच दुमडलेल्या डीएनएच्या तुकड्यांत) घेऊन प्लेटवर असंच विस्थापन मोजलं आणि औषधाला कुठला क्रम आवडतो याचा नकाशा काढला. क्रम ५१२ च का? पाच जागांचे १०२४ होतात, पण दुसऱ्या धाग्यावरून वाचला की प्रत्येक क्रम जोडीने येतो, म्हणून अर्धे.

तुमच्या सहकाऱ्याला डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरच्या औषधासाठी एथिडियम वापरायचंय असं लिहिलंय. त्याला थांबवा. डॉक्सोरुबिसिन स्वतःच ४८० ला उत्तेजित होऊन ५९० च्या आसपास चमकतं, म्हणजे एथिडियमच्या डोक्यावरच. दोघांची बेरीज मोजून वेगळं काही निघणार नाही. त्याने डायच सोडावं. डॉक्सोरुबिसिनचं प्रमाण स्थिर ठेवून डीएनए वाढवत न्यावा. इंटरकलेट झालं की त्याची स्वतःची चमक विझते, तीच मोजावी. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणाऱ्या दारुहळदीतलं बर्बेरीन नेमकं उलटं वागतं. पाण्यात मंद, डीएनएवर बसलं की उजळतं. औषध स्वतः बोलत असेल तर दुभाषा कशाला घ्यायचा?

काही किरकोळ पण रोजच्या गोष्टी. डीएनए बफरमध्ये विरघळायला थंडीत रात्रभर द्या, जोरात व्हॉर्टेक्स करू नका. प्रमाण २६० नॅनोमीटरवरून काढताना ६६०० हा गुणांक न्यूक्लिओटाइडचा आहे, बेस-जोडीचा त्याच्या दुप्पट. पेपरात यातलं काय वापरलं ते लिहाच. २६० आणि २८० चं गुणोत्तर १.८ च्या खाली असेल तर त्यात प्रथिनं आहेत. डीएमएसओ (कॉम्प्लेक्स विरघळवायचा द्रावक) प्रत्येक बिंदूला सारखंच राहू द्या, शेवटच्या बिंदूला पाच टक्के आणि पहिल्याला शून्य असं नको. प्रत्येक भरीनंतर पाच मिनिटं थांबा, आणि अर्ध्या तासाने तोच बिंदू पुन्हा मोजून बघा. अ‍ॅक्टिनोमायसिनसारखे रेणू फार आळशी असतात. दोन मोजण्यांच्या मध्ये शटर बंद ठेवा. एथिडियम उत्परिवर्तक आहे. हातमोजे घाला आणि उरलेलं ब्लीच ओतून सिंकमध्ये सोडू नका, घातक कचऱ्याच्या बाटलीत साठवा.

पेपरचं म्हणाल तर पुढचा महिनाभर प्रयोगांचा क्रम असा लावा: दुरुस्ती आणि लिगँड-कॉपर क्लोराइडची नियंत्रणं या आठवड्यात, कारण त्यांना नवं काहीच लागत नाही. मग तुमच्याच बफरमध्ये एथिडियमचा स्थिरांक. मग व्हिस्कोमीटर. आयुष्याच्या मोजणीसाठी आजच अर्ज टाका, वेळ मिळायला तेवढा काळ जातोच. चिकटपणाची रेषा सपाट आली तर शीर्षकातला ‘इंटरकलेशन’ शब्द काढा आणि लिहा: ‘कॉम्प्लेक्स डीएनएशी मध्यम बळाने बांधला जातो, एथिडियमची प्रतिदीप्ती कमी करतो, आणि लांबीत वाढ न दिसल्याने पारंपरिक इंटरकलेशनला पुरावा मिळत नाही.’ हे वाक्य गाईडना दाखवताना दुरुस्तीचा तक्ता सोबत न्या. शंभर, ऐंशी आणि साठ हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहून.